सावली कुठपर्यंत येते

शनिवार, रात्री

बाबा आज शेवटी ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात आले. आई गेल्यापासून मी त्यांच्या मागे लागले होते आणि दर वेळी "बघू पुढच्या आठवड्यात" एवढंच ऐकत होते. आज जेवताना म्हटलं, "पत्ते नका खेळू, कॅरम नका खेळू. मला तिथलं खत बघायचंय, सोबतीला चला." मग तीन वाजता स्वतःहून चप्पल घालून दारात उभे राहिले.

आणि खत मला खरंच बघायचं होतं. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्यासाठी विजेवर चालणारं यंत्र आणलं, नारळ फोडला, फोटो काढले. आठ-नऊ महिने चाललं, मग बिघडलं. आता त्यावर ताडपत्री आहे आणि ओला कचरा पुन्हा गाडीत जातो. मला याचं फार वाईट वाटतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं आपल्या उशाशी सोसला, त्यासाठी रस्त्यावर उतरले. हे ठाऊक असूनही आपण भाजीची देठं गाडीत टाकायची, हे मनाला पटत नाही.

केंद्र म्हणजे काय, तर एक बैठा हॉल, वर गच्ची, पुढे ओटा आणि मागे जेमतेम दोन गुंठे जागा. पुण्यात महापालिकेची अशी विरंगुळा केंद्रं ठिकठिकाणी आहेत. वर्तमानपत्रं, कॅरम, मंगळवारी भजन, सकाळी व्यायाम. आमच्या भागातल्या केंद्रात एक गोष्ट जास्तीची, मागे दोन मोठे वर्षावृक्ष. दोघांत मिळून निम्मं आवार त्यांच्या सावलीत असतं. मार्चचे दिवस, त्यामुळे जमिनीवर पिवळ्या, चिरमुऱ्याएवढ्या पानांचा थर होता आणि त्यात काळ्या चिकट शेंगा.

खताचं काम बघणारे काका बँकेतून निवृत्त झालेत. विटांचे तीन हौद आहेत, हवा खेळावी म्हणून विटांमध्ये फटी सोडलेल्या. एक भरतोय, एक मुरतोय, एक रिकामा होतोय. हिशेब सोपा. एक डबा ओला कचरा टाकला की वर तीन डबे वाळका पाला. वास आला तर पाला कमी पडला, ढीग थंड पडला तर ओलं कमी पडलं. सुरुवातीला चहाचा चोथा दूध-साखरेसकट जायचा, मुंग्या लागायच्या, वास सुटायचा, शेजारच्या इमारतीतून तक्रार आली होती. आता चोथा धुऊन, निथळून टाकतात.

मधल्या हौदात एक लोखंडी सळई खोचलेली होती. काकांनी ती उपसली आणि म्हणाले, "धरा." मी धरली आणि पटकन सोडली. चांगली चटका बसेल इतकी गरम! आतल्या जिवाणूंचं काम जोरात चालू असलं की ढिगाचं तापमान पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जातं, त्यात तणाचं बी आणि रोगजंतू बहुतेक मरतात, हे मी वाचलं होतं. पण हाताला चटका बसल्यावर ते वेगळंच कळतं. रिकाम्या होणाऱ्या हौदातलं खत त्यांनी माझ्या ओंजळीत दिलं. काळं, भुसभुशीत, आणि पहिल्या पावसाला येतो तो वास.

पाला पुरतो का, असं विचारलं तर म्हणाले, उरतो. उरलेला पोत्यांत भरून ठेवतात. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना बागेसाठी हवा आहे त्यांची गाठ घालून देणारा. तिथून लोक येऊन पोती घेऊन जातात. आमच्या गल्लीत मात्र याच दिवसांत रोज सकाळी पाला पेटलेला असतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, साध्या प्रकरणाला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपये दंड. तो धूर बाबांच्या छातीला बाधतो, म्हणून मला हे आकडे पाठ आहेत.

मी खतात गुंतले होते तेवढ्यात बाबा कुठे दिसेनात. शोधलं तर मीटरच्या पेटीसमोर उभे, चष्मा कपाळावर, आकडे वाचत.

बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली, लाइनमन म्हणून लागले होते. 2005 मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, त्याच वर्षी ते निवृत्त झाले. नेट मीटर त्यांनी आज पहिल्यांदा जवळून बघितला. ग्रिडमधून, म्हणजे महावितरणच्या जाळ्यातून घेतलेले युनिट वेगळे, आपण ग्रिडला दिलेले वेगळे. गच्चीवर आठ सौर पॅनेल आहेत, मिळून तीन किलोवॉट. आपल्याकडे एका किलोवॉटला दिवसाला साधारण चार युनिट धरतात, म्हणजे बारा व्हायला हवेत. इथे आठ-नऊच्या वर जात नाही, असं केंद्राच्या चिटणीस काकू म्हणाल्या. धूळ असेल म्हणून दर रविवारी पॅनेल पुसतात, तरी फरक नाही.

"गच्चीवर जाता येईल का?" बाबांनी विचारलं. वर्षभरात त्यांनी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

वर गेलो तर पावणेचार झाले होते. वर्षावृक्षाची एक फांदी पश्चिमेकडून गच्चीवर झुकलीय, तिची सावली कडेच्या दोन पॅनेलांवर पडली होती. बाकी सहा लख्ख उन्हात. काकू म्हणाल्या, "दोनावरच पडते हो, सहा तर चालू आहेत." बाबा खाली बसले आणि तारा कुठून कुठे जातात ते बोटाने दाखवू लागले. पॅनेल एकापुढे एक जोडलेली असतात, वीज सगळ्यांतून एकाच वाटेने जाते. मधल्या एकाने हात आखडला की मागच्यापुढच्यांचीही वाट अडते. पॅनेलच्या मागे बायपास डायोड असतो, तो थोडं सांभाळून घेतो, पण तोटा होतोच. बाबा म्हणाले, "बागेला पाणी घालताना पाइपवर एका जागी पाय पडला की पुढे धार बारीक होते ना, तसं."

मग जे सुरू झालं ते मी लक्षात ठेवणार आहे. फांदी छाटायची की नाही, यावर इथे गेलं वर्षभर दोन तट आहेत. छाटायची तर 1975 च्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, आणि एका गटाने अर्जही लिहून ठेवलाय. खतवाल्या काकांचं म्हणणं, त्या फांदीखाली उन्हाळ्यात बायका भजनाला बसतात आणि हॉलचे पंखे तिच्यामुळे एका आकड्यावर चालतात. त्यावर, हे झाड मूळचं मध्य-दक्षिण अमेरिकेतलं, त्याचं एवढं काय कौतुक, असं छाटणीवाल्यांतलं कोणी म्हणालं. दोन्ही बाजूंचे लोक वाईट नव्हते. विजेचं बिल वाचवायचं होतं एकाला, सावली वाचवायची होती दुसऱ्याला.

बाबा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे एक फुटलेली काळी टाकी पडून होती आणि आत मोडक्या खुर्च्या. "हे सामान हलवा. ती दोन पॅनेल इथे आणा, तोंड दक्षिणेकडे तसंच, उतारही तोच. वायर थोडी वाढवावी लागेल. झाडाला हात लावायचं कारण नाही." एवढंच बोलले. कोणी काही क्षण बोललंच नाही. मग काकू म्हणाल्या, "भंगार न्यायला सोमवारी आपल्या ताई येतातच."

त्या ताई म्हणजे 'स्वच्छ'च्या कचरावेचक. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. केंद्राची रद्दी, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, सगळं त्यांच्यासाठी वेगळं ठेवलेलं असतं. भंगार विकून येतं ते पैसे त्यांचे, म्हणून रद्दी दुकानात विकायची नाही असं सभासदांनीच ठरवलंय. हा निर्णय मला सौर पॅनेलांपेक्षाही मोठा वाटतो.

खाली आल्यावर चहा झाला. कागदी कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, ते खतातही चालत नाहीत आणि रद्दीतही, म्हणून इथे स्टीलचे पेले आहेत. प्रत्येकाने घरून आणलेले, नावं घातलेले. जे सभासद आता नाहीत त्यांचेही पेले खिळ्यांना टांगलेले आहेत, नवीन माणूस आला की त्यातला एक त्याला देतात. बाबांना मिळालेल्या पेल्यावर कोणाच्या तरी लग्नाची तारीख होती, 12-5-74. बाबांनी ती अंगठ्याने पुसल्यासारखी चाचपली आणि चहा प्यायले.

आत्ता ते जेवणाच्या टेबलाशी बसलेत. माझ्या मुलाच्या वहीचा कागद घेऊन गच्चीचा नकाशा काढलाय, आठ चौकोन, एका कोपऱ्यात टाकी, पश्चिमेला झाड. मघाशी म्हणाले, "आत्ता निम्मी पानं गळलीत तरी एवढी सावली. पावसाळ्यानंतर झाड भरलं की ती कुठपर्यंत येत असेल? डिसेंबरात सूर्य खाली असतो, तेव्हाचंही बघायला हवं. त्या खताच्या काकांना विचार, ते रोज तिथे असतात."

मी म्हटलं, तुम्हीच विचारा.

सोमवारी सकाळी साडेआठला जायचंय. मोजायची टेप कपाटातून काढून ठेवायला सांगितलीय.