लेकाची शाळा
माझ्या लेकाला ऑटिझम (स्वमग्नता) आहे. कोथरूडमधल्या दोन शाळांनी ॲडमिशनला नाही म्हटलं, एकीनं तर लेकाकडे न बघताच फाईल परत सरकवली, घरी येऊन खूप रडले मी. मग कळलं की दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ऑटिझमही येतो आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत नाहीतर आवडीच्या स्पेशल शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. स्पेशल शाळा वाईट असं मी म्हणत नाही हां, काही मुलांना तीच मानवते. आमचा साध्या शाळेत जातो, सोबत शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत राहून मदत करणाऱ्या ताई. घंटेच्या आधी या ताई त्याला घंटेचं चित्र दाखवतात, तो स्वतःच कानांवर हात ठेवतो आणि वाजून झाली की डबा उघडतो, पोळीला भाजी लागलेली चालत नाही त्याला. काल शेजारच्या मुलीला त्यानं आपणहून खोडरबर दिलं.