डेटा बाहेर कसा निघेल, हे आधी विचारा

व्यवसायासाठी सॉफ्टवेअर निवडताना डेमोमध्ये सगळे लक्ष सोयीसुविधांकडे वेधले जाते. आपला डेटा उद्या बाहेर कसा काढायचा, हा प्रश्न बहुधा करारावर सही झाल्यानंतरच कोणाला तरी सुचतो. माझ्या मते तो पहिल्याच बैठकीत विचारावा आणि ‘एक्सपोर्टची सोय आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये.

चाचणीच्या काळातच थोडी बिले भरून ती सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, उतरवून पाहावीत. रक्कम आणि तारीख सहसा व्यवस्थित येते. पण बिलाला जोडलेली पीडीएफ मागेच राहते, ग्राहकाच्या नावाऐवजी नुसता अंतर्गत क्रमांक उमटतो, आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद अनेकदा येतच नाही. (शून्याने सुरू होणारा कोड एक्सेलमध्ये उघडताच त्याचे शून्य गळते, तो दोष मात्र विक्रेत्याचा नव्हे.)

डेटा एक वेळ निघतो, कामाची पद्धत निघत नाही. सेल्सफोर्सची एपेक्स किंवा ओरॅकलची पीएल/एसक्यूएल अशा त्या-त्या कंपनीच्या खास प्रोग्रॅमिंग भाषेत वर्षानुवर्षे लिहीत गेलेले मंजुरीचे आणि सवलतीचे नियम दुसरीकडे जसेच्या तसे चालत नाहीत. त्यामुळे असे नियम शक्य तेवढे स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये ठेवून एपीआयने, म्हणजे दोन प्रोग्रॅममध्ये माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या दुव्याने, जोडणे मला अधिक सुरक्षित वाटते, जरी सुरुवातीला त्यात खर्च जास्त होत असला तरी.

मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वापरता आणि बदलता येतो असे सॉफ्टवेअर घेतले की चिंता मिटली, असेही नाही. इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीचा परवाना २०२१ मध्ये, सर्व्हर उभारणीचे साधन असलेल्या टेराफॉर्मचा २०२३ मध्ये आणि रेडिस या डेटाबेसचा २०२४ मध्ये बदलून अधिक बंधने घालणारा झाला. तरीही जुन्या मुक्त आवृत्त्यांवरून ओपनसर्च, ओपनटोफू आणि वाल्की हे त्यांचे मुक्त पर्याय उभे राहू शकले. याउलट, बंदिस्त सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर ही कंपनी २०२३ च्या अखेरीस ताब्यात घेतल्यावर ब्रॉडकॉम या कंपनीने एकदाच पैसे भरून मिळणाऱ्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली, तेव्हा नव्या खरेदीसाठी वर्गणीखेरीज मार्ग उरला नाही.

युरोपीय संघाचा डेटा ॲक्ट १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, क्लाउड सेवा बदलण्याचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून आकारता येणार नाही. इतरत्र मात्र भिस्त करारावरच असते. संपूर्ण डेटा कोणत्या स्वरूपात मिळेल, करार संपल्यावर तो किती दिवस उपलब्ध राहील आणि नूतनीकरणाच्या वेळी दरवाढीला मर्यादा काय, हे त्यात स्पष्ट हवे. बैठकांचे वेळापत्रक ठरवण्यासारख्या किरकोळ साधनात अडकणे मला चालते. हिशेब आणि ग्राहकांच्या नोंदींसाठी मात्र ही तिन्ही कलमे लेखी मिळाल्याखेरीज मी पुढे जात नाही.