वेंगुर्ल्याहून रत्नागिरी: मीठ मुरलेला टेलिप्रिंटर

वेंगुर्ल्याजवळ एका मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, टेलिप्रिंटर (तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणारं यंत्र) पडून आहे असं कळल्यावर ऑक्टोबरअखेर निघालो, भातकापणी चालू असताना. त्याआधी जायचंच नव्हतं. पावसाळ्यात अशा यंत्राचं झाकण उघडलं की दमट हवा आतल्या उघड्या लोखंडावर बसते आणि आठवड्यात नवा गंज धरतो.

यंत्र हिंदुस्तान टेलिप्रिंटर्सचं निघालं. मद्रासला 1960 साली ऑलिव्हेत्तीच्या सहकार्याने सुरू झालेला हा सरकारी कारखाना. तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, पण हे धूड त्याच्या कितीतरी आधी अडगळीत गेलं असणार. झाकणाच्या आतला आवाज अडवणारा फोम भुकटी होऊन टाइपांवर चिकटला होता. सिलेक्टरच्या, म्हणजे आलेल्या संकेतावरून अक्षर निवडणाऱ्या भागाच्या, पात्यांमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, आणि कुणीतरी प्रेमाने सगळीकडे खोबरेल चोपडलेलं. वर्षानुवर्षं पडून खोबरेल लाखेसारखं घट्ट होतं. पातं जिथे थांबलं तिथेच चिकटतं. अशी पाती जोर लावून हलवली की वाकतात. मातीही पेचकसाने खरवडू नये, कण कॅममध्ये, म्हणजे पाती हलवणाऱ्या फिरत्या चकत्यांमध्ये, जाऊन घासतात. बांबूच्या कामटीने सैल करून ब्रशने बाहेर ओढायची.

तिथे प्लग लावून पाहायचा मोह टाळला. सरकणारी कॅरेज सुती नाडीने बांधली, खाली गोणपाटाची चार घड्यांची गादी केली आणि दोघांनी मिळून यंत्र उभंच गाडीत ठेवलं. कुडाळला महामार्ग धरला. कणकवली, राजापूर, लांजा, हातखंबा करत संध्याकाळी रत्नागिरी.

किनाऱ्यावरच्या यंत्रांचा खरा शत्रू मीठ. गंज हा त्याचा परिणाम. रॉकेलने ग्रीस आणि खोबरेल निघतं, मीठ निघत नाही, कारण ते पाण्यातच विरघळतं. म्हणून रॉकेलने धुऊन चकचकीत केलेलं यंत्र पुढच्या जूनमध्ये पुन्हा तांबूस होतं. आमचा क्रम असा: मोटर, मॅग्नेट, कॉन्टॅक्ट आणि तेल धरून ठेवणारं फेल्ट काढून ठेवायचे, प्रत्येक स्प्रिंगला चिठ्ठी बांधायची, काढताना ताणायची नाही. उरलेला भाग एक दिवस रॉकेलमध्ये. मग गरम डिस्टिल्ड वॉटरने तीन वेळा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी नको, ते मचूळ असतं. शेवटच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला आणि पांढरट गढूळपणा आला, तर मीठ उरलंय, पुन्हा धुवायचं. लगेच डिनेचर्ड स्पिरिटने पाणी हटवायचं, चूल किंवा ठिणगी जवळ असता कामा नये, आणि त्याच बैठकीत तेल. आमसुलाने पितळ उजळतं खरं, पण आंबट रस फटीत राहून धातू खातो. ते भांड्यांपुरतंच ठेवावं.

फेल्टच्या चकत्या रात्रभर शिलाई मशीनच्या तेलात. कोरडं फेल्ट राहिलं तर क्लच अडकतो आणि मग उगीच सिलेक्टरवर संशय जातो.

मोटरचं इन्सुलेशन 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासलं. 1 मेगओहमपेक्षा कमी आलं तर 60 वॉटच्या दिव्याखाली दोन दिवस सुकवून पुन्हा मोजायचं. पहिली वीज सिरीजमध्ये जोडलेल्या दिव्यातूनच द्यायची. मोटरचा वेग स्थिर ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या कॉन्टॅक्टला पॉलिश पेपर लावू नये.

सिलेक्टरच्या मॅग्नेटच्या कॉइलमधून जाणारा संकेताचा करंट, म्हणजे लाइन करंट, 40 मिलिअँपियर लागतो. तो 12 व्होल्टमधून काढायचा विचारच करू नये: कॉइलमधला करंट हळू चढतो आणि अक्षरं चुकतात. 120 व्होल्ट घेऊन एकूण 3000 ओहम होईल इतका रेझिस्टर सिरीजमध्ये घालायचा, 10 वॉटचा वायरवाउंड, प्रत्यक्षात 4.8 वॉट उष्णता होते. ठिणगी दाबायला कॉइलवर नुसता डायोड लावला तर मॅग्नेट उशिरा सुटतो. तिथे रेझिस्टर आणि कपॅसिटर हवेत.

50 बॉडला, म्हणजे सेकंदाला 50 घटकांच्या वेगाला, सुरुवातीचा एक आणि अक्षराचे पाच घटक प्रत्येकी 20 मिलिसेकंदांचे, थांब्याचा 30, म्हणजे अक्षराला 150. मिनिटाला 400 अक्षरं. चाचणीसाठी सलग आर आणि वाय पाठवायचे. दोघांचे पाचही घटक एकमेकांच्या बरोब्बर उलट असल्याने सिलेक्टरची कसोटी लागते. सिलेक्टरची अ‍ॅडजस्टमेंट एका बाजूला सरकवत जायची, चूक दिसली तिथे खूण करायची. मग दुसऱ्या बाजूला तेच. दोन्ही खुणांच्या मधोमध घट्ट करायचं.

आता यंत्र झाकणाखाली आहे. जूनपासून आत 15 वॉटचा दिवा अखंड पेटता राहील. कागदाचा रोल मात्र वेगळ्या डब्यात, कारण दमट कागद फुगून रोलरखाली तिरका जातो.