सहस्रकुंडचा बेत

धबधबा अजून बघायचाय, पण घरात आज भांडण मात्र धो-धो कोसळलं. रविवारी नांदेडहून सहस्रकुंड. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर असा शंभरेक किलोमीटरचा रस्ता. दाजी म्हणतात, दहाला निघू. अहो, मग येताना अंधारात खड्डे मोजायचे का? सहाला निघायचं म्हणजे सहालाच! (आमच्या घरात त्याचा अर्थ साडेसात.) आईला आधी महादेवाचं दर्शन हवंय. लेकरांना पाण्यात उतरायचंय, अन् नेमकं तेच मी होऊ देणार नाही. वर इसापूर धरणातून पाणी सोडलं की पैनगंगा बघता बघता चढते. पलीकडचा काठ विदर्भाचा, तर भाचा विचारतोय, "मामा, अर्धा धबधबा त्यांचा का?" धपाटे ताईकडं. स्टेपनीत हवा भरायची राहिलीच की.