हातचे तीन

वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालात साम्य आलं होतं ४ टक्के. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, म्हणून आमच्या त्रैमासिकात तो लेख बिनदिक्कत पुढे सरकला. विषय होता यवतमाळकडच्या कापूस वेचणाऱ्या मजूर बायकांचा. छपाईआधीचं शेवटचं वाचन माझ्याकडे असतं.

दुसऱ्याच पानावर अडखळले. ‘कापसाची तोडणी’. माझं माहेर वणीचं. तोडणी उसाची असते, कापसाची वेचणी. थोडं पुढे ‘पावसाने पोसलेली शेती’. त्या बायकांशी जो तासभर बोलला असेल, त्याच्या लिहिण्यात ‘कोरडवाहू’ हाच शब्द येणार. हा मजकूर इंग्रजीतून उतरवलेला होता. आमचं सॉफ्टवेअर शब्दाला शब्द जुळवतं. भाषा बदलली की त्याच्या हाती काही लागत नाही.

मग शोधगंगेवर इंग्रजी शब्द टाकत बसले. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने तिथे खुले ठेवले आहेत. चारच्या सुमारास एक प्रबंध सापडला. मांडणीचा क्रम तोच, उदाहरणं तीच. तरी विषय एक असला की एवढं जुळू शकतं, असं मी स्वतःला बजावत होते. तेवढ्यात तक्ता आला. ३८, २७, १९, ११, ७. खाली एकूण ११२. पेन्सिलने कागदावर बेरीज केली, १०२ आली. पुन्हा केली. आमच्या लेखातला तक्ता उघडला. तिथेही ११२.

संपादक म्हणाले, आजच नाकारून टाका. मी थांबवलं. प्रकाशनातल्या नीतिनियमांसाठी १९९७ पासून काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने घालून दिलेली रीत अशी, की आधी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून लेखकाला खुलासा विचारायचा. आरोप करायचा नाही. तसं पत्र पाठवलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. “मॅडम, रिपोर्ट चार टक्केच आहे ना? मग अडचण काय?”

त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि तेच मला फार लागलं. दहाच्या आत बसवा, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलेलं. लेखावर मार्गदर्शकांचंही नाव होतं.

लेख परत गेला, महाविद्यालयाला कळवलं. प्रबंध लिहिणाऱ्या बाईंना मी स्वतः फोन केला. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात. लहान मुलीला आईकडे ठेवून दोन हंगाम गावोगाव हिंडल्या होत्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, “तक्ता कितवा म्हणालात?”

पानं उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

“हो, चुकलंय माझं. हातचे तीन होते, मी चार धरले.”