तुम्ही विचारलेत म्हणून : लिमोजचा पक्ष मी का घेतो

बास्केटबॉलचा विषय निघाला आणि मी फ्रान्समधील लिमोज शहराच्या संघाचे नाव घेतले की ठरलेला प्रश्न येतो. ज्या संघाने खेळ कंटाळवाणा करून युरोपचे विजेतेपद मिळवले आणि पुढे पैशांच्या घोळात स्वतःला बुडवून घेतले, त्या संघाचा तुम्हाला एवढा कळवळा का? प्रश्न विचारणारे बहुधा जाणकार असतात. सेर्क्ल सँ-पिएर, म्हणजे सी. एस. पी. हा क्लब १९२९ साली स्थापन झाला, त्याने अकरा वेळा फ्रान्सचे विजेतेपद मिळवले, १९८२ आणि १९८३ मध्ये युगोस्लाव्हियाचा नामवंत खेळाडू द्राझेन पेट्रोविच याच्या शिबेनिक संघाला सलग दोनदा हरवून त्याने कोराच चषक ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकली, हे त्यांना मी सांगण्याची गरज नसते. त्यांच्या मनातून जात नाही तो एकच आकडा, लिमोजने १९९३ चा युरोपियन अंतिम सामना जिंकला तो ५९–५५. तोंडी उत्तर देताना प्रत्येक वेळी काहीतरी निसटते, म्हणून एकदा सविस्तर लिहितो आहे.

१५ एप्रिल १९९३ रोजी अथेन्सजवळ पिरेयस येथील शांतता आणि मैत्री स्टेडियममध्ये लिमोज आणि इटलीतील ट्रेव्हिसो यांच्यात युरोपियन विजेतेपदाचा अंतिम सामना झाला. ट्रेव्हिसोकडे क्रोएशियाचा टोनी कुकोच होता. सहा फूट दहा इंच उंचीचा हा खेळाडू चेंडू मात्र बुटक्या गार्डच्या सफाईने हाताळत असे, आणि त्या वेळी युरोपात त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नाही असे बहुतेकांचे मत होते. त्याच वर्षी तो अमेरिकेतील शिकागो बुल्स संघात गेला. त्याच्या जोडीला एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये अनेक वर्षे खेळलेला टेरी टीगल होता. लिमोजकडे मायकेल यंग हा अमेरिकन आणि युरे झ्दोव्ट्स हा स्लोव्हेनियन असे दोन परदेशी खेळाडू होते आणि बाकीचे रिशार दाकुरी, जिम बिल्बा, फ्रेदेरिक फोर्त यांच्यासारखे फ्रेंच खेळाडू होते. प्रशिक्षक होते बोझिदार माल्यकोविच. युगोस्लाव्हियातील स्प्लिट शहराच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९८९ आणि १९९० अशी सलग दोन युरोपियन विजेतेपदे मिळवली होती, आणि त्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू कुकोचच होता. म्हणजे कुकोचला कोणत्या जागी चेंडू हवा असतो, कोणत्या पावलानंतर तो पास देतो आणि कोणत्या पावलानंतर स्वतः वर उडतो, हे ज्यांनी अनेक वर्षे रोज जवळून पाहिले होते, तेच आता त्याला थोपवण्याची योजना आखत होते.

ती योजना समजून घेतल्याशिवाय या सामन्याला कंटाळवाणा म्हणणे मला मान्य नाही. त्या काळी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका आक्रमणासाठी तीस सेकंद मिळत; चोवीस सेकंदांचा नियम तिथे २००० साली आला. चाळीस मिनिटांच्या सामन्यात दोन्ही संघांनी प्रत्येक वेळी पूर्ण तीस सेकंद वापरले, तर दोघांच्या वाट्याला सुमारे चाळीस-चाळीस आक्रमणे येतात. पंधरा सेकंदांतच बास्केटकडे चेंडू टाकला, तर हीच संख्या दुप्पट होते. ज्याच्याकडे गुणवत्ता जास्त आहे त्याला जास्त आक्रमणे हवी असतात, कारण प्रयत्न जितके वाढतात तितका योगायोगाचा वाटा घटतो आणि श्रेष्ठत्व उघड होत जाते. दुबळ्या बाजूला नेमके उलटे हवे असते. माल्यकोविच यांनी हा हिशेब निष्ठुरपणे अमलात आणला. आक्रमण करताना घाई करायची नाही, चेंडू फिरवत राहायचे, योग्य संधी येईपर्यंत थांबायचे. बचाव करताना परतण्यात एक पाऊलही उशीर करायचा नाही, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला वेगवान प्रतिआक्रमणाचे सोपे गुण मिळणार नाहीत. दोन दिवसांपूर्वी उपान्त्य सामन्यात त्यांनी लिथुआनियाचा महाकाय खेळाडू सबोनिस याच्या रेआल माद्रिदला असेच ६२–५२ असे हरवले होते. अंतिम सामना अखेरच्या क्षणांपर्यंत दोन-चार गुणांच्या अंतरात अडकून राहिला, आणि ट्रेव्हिसोला ज्या एका आक्रमणाची सर्वाधिक गरज होती त्या आक्रमणात कुकोचच्या हातातला चेंडू फोर्तने काढून घेतला.

फोर्त त्या वेळी तेवीस वर्षांचा होता आणि कुकोचपेक्षा कितीतरी ठेंगणा होता. त्या चोरीकडे नशिबाचा भाग म्हणून पाहणाऱ्यांना माझे सांगणे आहे की सामना पुन्हा पाहा आणि त्या क्षणाआधीची पस्तीस-अडतीस मिनिटे पाहा. कुकोचने चेंडू घेतला की कोणीतरी तो चेंडूला टप्पे देई त्या उंचीवर हात धरून उभा असे. तो वळला की वळणावर दुसरा हजर असे. फोर्तने केले ते संघाने सामनाभर केलेल्या कामाचेच शेवटचे आवर्तन होते. तरीही त्या स्पर्धेतील अंतिम चार संघांमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती कुकोचचीच. पराभूत संघातील खेळाडूला तो मान मिळाला, आणि मिळायलाही हवा होता. पण लिमोजने नेमके कोणाला रोखले होते याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आता प्रांजळपणे सांगायचे तर या सामन्याचा पूर्वार्ध पाहताना मलाही आनंद होत नाही. चेंडू बास्केटला लागून परत येत राहतो, रेटारेटी होते, शिट्ट्या वाजतात. त्या वेळी अनेकांनी म्हटले की हा खेळाचा ऱ्हास आहे, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणू शकत नाही. लिमोजसारखा विचार पुढे अनेक संघांनी केला आणि त्या दशकात युरोपात पन्नास-साठ गुणांवर संपणारे सामने नेहमीचे झाले. प्रेक्षकाने पैसे मोजून यावे आणि त्याने हे पाहावे का, हा रास्त प्रश्न आहे. तरुणपणी मी या प्रश्नाला एका वाक्यात उडवून लावीत असे: नियमात बसते ते सारे योग्य, नियम बदलायचे तर बदला. आज मला ते उत्तर अपुरे वाटते, कारण नियम बदलतात ते कोणीतरी त्यांचा असा वापर केल्यावरच. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन या इंडियानातील शहराच्या संघाने त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू जॉर्ज मायकन याच्या मिनियापोलिसविरुद्ध चेंडू नुसता धरून ठेवून सामना १९–१८ असा जिंकला. पुढे एनबीएला चोवीस सेकंदांचे घड्याळ आणावे लागले त्यामागे अशा सामन्यांचा अनुभव होता, आणि त्या घड्याळासाठी आग्रह धरला तो सिराक्यूज या दुसऱ्या एका प्रांतिक शहराच्या संघमालकाने, डॅनी बियासोनने. पण माझ्या जुन्या उत्तरातले एक मला अजूनही सोडवत नाही. लिमोजने १९९० साली स्पेनमधील सारागोसा येथे याच स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत मोकळा, वेगवान खेळ करून पाहिला होता आणि समोर माल्यकोविच-कुकोच यांचेच स्प्लिट होते. निकाल लागला १०१–८३. त्या सामन्यातल्या लिमोजची आठवण किती जण काढतात? सुंदर खेळून हरलेल्याला विसरायचे आणि कुरूप खेळून जिंकलेल्याला दोष द्यायचा, हा न्याय मला पटत नाही.

दुसरा आक्षेप प्रेमाने घेतला जातो, म्हणून त्याला उत्तर देणे अधिक अवघड जाते. अनेकांना ही लहान गावाने बलाढ्यांना हरवल्याची गोष्ट वाटते आणि मीही तिच्यावर त्यासाठीच भाळलो असे ते समजतात. पूर्वी मी ही गोष्ट तशीच सांगत असे. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले, सुमारे १,३०,००० वस्तीचे शहर, १९८१ साली उभे राहिलेले बोब्लाँचे क्रीडागृह, आणि मार्सेयच्या फुटबॉल संघाने म्युनिकमध्ये युरोपियन चषक उचलण्याच्या सुमारे सहा आठवडे आधी या शहराच्या वाट्याला आलेला तो मान; ऐकायला फार छान वाटते. परंतु ट्रेव्हिसो हे शहर लोकसंख्येने लिमोजपेक्षाही लहान आहे. तिथल्या संघामागे बेनेटन ही कपड्यांची कंपनी उभी होती, एवढाच काय तो फरक. आणि फ्रान्सपुरते पाहिले तर ऐंशीच्या दशकात लिमोज हा बलाढ्यच संघ होता, इतर शहरांचे चांगले खेळाडू ज्याच्याकडे जात असा. युरोपातल्या सर्वांत यशस्वी प्रशिक्षकांपैकी एकाला आणणारा क्लब गरीब नसतो. म्हणून लहान-मोठ्याची ही गोष्ट मी आता सांगत नाही. मला दिसते ते असे की प्रांतिक शहराचा व्यावसायिक संघ त्या शहराच्या ऐपतीपलीकडे गेल्याशिवाय शिखरावर पोहोचू शकत नाही, आणि तो तसा गेला की त्याचे बिल कोणाला तरी भरावे लागते.

लिमोजमध्ये ते बिल २००० साली आले. दुश्को इव्हानोविच प्रशिक्षक असताना त्या एका हंगामात संघाने फ्रेंच विजेतेपद, फ्रेंच चषक आणि कोराच चषक असे तिन्ही जिंकले, आणि त्याच उन्हाळ्यात आर्थिक कारणांवरून त्याला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले. इव्हानोविच स्पेनला गेले. मार्कस ब्राऊन हा संघाचा सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ट्रेव्हिसोला गेला. बास्केटजवळ खेळणारा उंच फ्रेदेरिक वाईस स्पेनमधील मालागाला गेला, आणि सप्टेंबरमध्ये सिडनी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या व्हिन्स कार्टरने त्याच्या डोक्यावरून उडी मारून चेंडू बास्केटमध्ये आदळला. जगाला वाईस माहीत आहे तो त्या एका छायाचित्रामुळे. त्याच वर्षी त्याने लिमोजकडून तीन विजेतेपदे मिळवली होती आणि त्याच सिडनीतून तो रौप्यपदक घेऊन परतला, हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि प्रत्येक वेळी समोरच्याला नव्यानेच कळते.

त्या शिक्षेबाबत माझे मन आजही दोन बाजूंना ओढले जाते. हिशेब बसत नसताना खेळाडू विकत घेऊन जिंकणे म्हणजे जे संघ आपल्या खिशाप्रमाणे खर्च करतात त्यांच्याशी अन्याय करणे होय, आणि फ्रेंच बास्केटबॉलने ताळेबंद तपासण्याची जी कडक व्यवस्था उभारली ती मला आवश्यक वाटते. लिमोजवर प्रेम आहे म्हणून मी हे नाकारणार नाही. पण विजेतेपदे कायम ठेवून संघ खाली पाठवणे यात शिक्षा नेमकी कोणाला झाली? खेळाडू आणि प्रशिक्षक यांना चांगल्या नोकऱ्या मिळाल्या. ज्यांनी क्लब चालवला ते काही बोब्लाँच्या बाकांवर रोज येऊन बसणारे लोक नव्हते. दुसऱ्या श्रेणीत गेले ते प्रेक्षक. वर परतल्यावरही अडचणी सुटल्या नाहीत आणि २००४ साली संघ तिसऱ्या श्रेणीत जाऊन पोहोचला.

इथे मी अमेरिकेची आठवण पुन्हा काढतो, कारण माझे खरे उत्तर त्या तुलनेजवळच कुठेतरी आहे. फोर्ट वेनचा संघ १९५७ साली डेट्रॉइटला गेला. १९५५ चे विजेते सिराक्यूज १९६३ साली फिलाडेल्फियाला हलवले गेले. त्या शहरांचा इतिहास आता दुसऱ्या शहरांच्या नावावर मांडला जातो. युरोपात क्लब सहसा गाव सोडत नाही. तो बुडतो, खालच्या श्रेणीत जातो, नव्या नोंदणीने पुन्हा उभा राहतो, पण आपल्या शहरातच. ट्रेव्हिसोतही बेनेटनने २०१२ मध्ये व्यावसायिक बास्केटबॉलमधून हात काढून घेतल्यावर तिथल्याच लोकांनी नवा क्लब उभा केला. लिमोजमध्ये २००४ च्या त्या पडझडीत क्लबचे अध्यक्षपद स्वीकारणारा माणूस होता फ्रेदेरिक फोर्त, अकरा वर्षांपूर्वी कुकोचच्या हातातून चेंडू काढून घेणारा. तिसऱ्या श्रेणीतून सुरुवात करून त्याच्या कारकिर्दीत संघ वर आला, मध्ये एकदा पुन्हा घसरला, परत चढला, आणि २०१४ व २०१५ साली अंतिम फेरीत स्ट्रासबूर्गला हरवून सलग दोनदा फ्रान्सचा विजेता झाला. ३१ डिसेंबर २०१७ रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, फोर्त गेला.

तुम्ही विचारता की हे सारे सार्थकी लागले का. १९९३ च्या विजयाची सवय लागली म्हणून २००० चा खर्च झाला, असा माझा तर्क आहे. मग त्या विजयाला दोष द्यायचा का? जिंकण्याची इच्छा ठेवू नका असे एखाद्या शहराला सांगायचे का? माझे एक मन म्हणते की ऐपतीत राहून मधल्या क्रमांकावर शंभर वर्षे खेळणारा क्लबच आपल्या शहराशी अधिक प्रामाणिक असतो. दुसरे मन लगेच म्हणते की तसा क्लब असता तर फोर्तसारखा माणूस परत आलाच नसता, कारण त्याला परत आणण्याइतके तिथे काही घडलेच नसते. यातले कोणतेही मन दुसऱ्याला गप्प करू शकलेले नाही. शिवाय हा वाद आता निराळ्या कारणानेही अवघड झाला आहे. २०१४ आणि २०१५ मधील विजेतेपदांमुळे लिमोजला युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, जागा मिळाली होती. २०१६ पासून ती स्पर्धा प्रामुख्याने दीर्घ मुदतीचे परवाने असलेल्या क्लबांची झाली, आणि आपल्या देशात पहिले या, म्हणजे युरोपात खेळा, हा जुना मार्ग जवळपास बंद झाला. प्रांतिक शहरांनी ऐपतीबाहेर जाऊ नये असे ज्यांना वाटते त्यांची इच्छा त्यामुळे आपोआप पुरी झाली असे म्हणता येईल. मला त्याचा राग येतो, आणि तो राग माझ्या हिशेबाच्या शिस्तीवरील विश्वासाशी कसा जुळवायचा हे मला अजून जमलेले नाही.