तुमच्याकडे एसटी नाही का?

पुण्या-नाशिकचे पाहुणे इंदूरला आले की अंगणातल्या गाड्या बघून हटकून विचारतात, "घरात एवढ्या गाड्या कशाला? तुमच्याकडे एसटी नाही का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

नाही. मध्य प्रदेशाची एसटी होती, पण 2005 मध्ये राज्य सरकारनं तोट्याचं कारण देत परिवहन महामंडळ बंद करायचं ठरवलं. आज सरवटे बसस्थानकावर लाल एसटी दिसते ती महाराष्ट्राची, खानदेशात जाणारी. बाकी बस खासगी. उज्जैन, भोपाळला हव्या तेवढ्या. आडगावी मात्र मालकाला परवडेल तेव्हाच, सवाऱ्या भरल्या तरच.

माझी आत्या महेश्वरच्या पलीकडे एका खेड्यात राहते. डोळे दाखवायला इंदूरला यायचं तर भाच्याला रजा मिळेपर्यंत थांबावं लागतं. तिची जाऊ भुसावळकडची, तिच्याच वयाची. पंचाहत्तरी उलटलेल्यांना महाराष्ट्रानं 2022 पासून एसटी मोफत केली, तेव्हापासून ती मनात आलं की पिशवी घेऊन लेकीकडे निघते. दोघींमध्ये फरक आहे तो पैशाचा नाही, प्रकृतीचाही नाही; सरकारांनी काय ठरवलं त्याचा आहे. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन भाच्याच्या रजेवर अडून राहतं, हे मला सहन होत नाही.

शहरात बरं होतं. आग्रा-मुंबई रस्त्यावर 2013 पासून साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे जलद बससेवा, होती. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, आयबस नावाच्या शहरबसला स्वतंत्र मार्गिका. शेजारी मोटारी अडकलेल्या असताना आमची बस सरळ जायची; कॉलेजच्या मुली, दवाखान्यातल्या आया, सगळ्या त्यात. गाड्यांची कोंडी होते म्हणून मार्गिका काढायचं ठरलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयानं परवानगी दिली. आता बसही त्याच कोंडीत. त्याच वर्षी मे महिन्यात मेट्रो सुरू झाली, पण पहिला टप्पा जेमतेम सहा किलोमीटरचा, सुपर कॉरिडॉर नावाच्या रस्त्यावर, जिथे वस्ती अजून विरळ आहे. भरवस्तीच्या रामबागेतल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

म्हणून मुलगी बारावी झाली की स्कूटी, मुलगा नोकरीला लागला की मोटार, हप्त्यावर का होईना. हौस थोडी, नाइलाज जास्त. आणि गाडीवाले वाढले की निवडणुकीत उड्डाणपूल आणि पार्किंगच गाजतं. थांब्यावर उभ्या असलेल्या बाईचं नाव कुणाच्या भाषणात येत नाही.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं नव्या बससेवेला, मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला, मंजुरी दिली. बस खासगी मालकांच्याच, देखरेख सरकारी कंपनीची. मला ही सेवा मनापासून हवी आहे. पण मत मागायला दारात येईल त्याला मी एवढंच विचारणार: आत्याच्या गावची शेवटची बस किती वाजता, आणि चारच सवाऱ्या असल्या तरी ती सुटेल का?